थांबून थांबून चालणारं मशीन आणि मुलाच्या सकाळच्या शिंका

पत्र : आमच्याकडे सोळा वर्षांपूर्वी सासूबाईंनी दारावर आलेल्या सेल्समनकडून घेतलेला व्हॅक्यूम क्लीनर आहे. आडवा, चाकांवर ओढायचा, आत कापडी पिशवी असलेला. गेले दोन महिने तो दहा मिनिटं चालतो, जळका वास येतो आणि बंद पडतो. अर्ध्या तासाने पुन्हा चालू होतो. दुरुस्तीवाला म्हणाला, मोटर बदलावी लागेल. मिस्टरांना रोबोट हवाय, पुण्याची बहीण म्हणते कॉर्डलेस घे, सासूबाई म्हणतात चांगली वस्तू आहे, दुरुस्त करा. मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला धुळीची ॲलर्जी आहे, सकाळी उठल्याउठल्या पंधरा-वीस शिंका येतात. डॉक्टरांनी औषध दिलंय आणि धूळ कमी करा म्हणून सांगितलंय. टू बीएचके, सगळीकडे टाइल्स, रोज मावशी केर-लादी करतात. मशीनची पिशवी मी गॅलरीत झटकते. बजेट पंधरा हजार. काय घेऊ? – एक वाचक, डोंबिवली

ताई, तुमचं पत्र वाचताना माझी नजर एका शब्दावर अडकली : ‘उठल्याउठल्या’. शाळेतून आल्यावर शिंका येतात असं तुम्ही लिहिलं नाहीत, मावशी केर काढत असताना येतात असंही नाही. मूल झोपेतून उठतं आणि शिंकायला लागतं, म्हणजे रात्रीचे आठ-नऊ तास त्याचं नाक जिथे टेकलेलं असतं तिथेच आधी बघायला हवं. उशी, गादी, पांघरूण. घरातल्या तिघांनी तीन सल्ले दिलेत, पण तिघांच्याही डोळ्यांसमोर फरशी आहे. फरशी तुमच्याकडे रोज झाडली-पुसली जाते. नवं मशीन गादीसाठी घ्या. हे एकदा ठरलं की दुकानातले निम्मे खोके बघायचीसुद्धा गरज उरत नाही.

गादीत असतं काय, ते आधी सांगते. आपल्या अंगावरून रोज त्वचेचा बारीक भुसा झडत असतो. त्यावर जगणारे, कोळ्याच्या कुळातले आठ पायांचे जीव प्रत्येक घरात असतात. डॉक्टर त्यांना डस्ट माइट म्हणतात. लांबी मिलिमीटरच्या पाव ते एक तृतीयांश, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते चावत नाहीत. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. हे कण हवेत फार वेळ तरंगत नाहीत, खाली बसतात, आणि मूल कुशीवर वळलं, उशी दाबली गेली की पुन्हा उडून थेट नाकाशी येतात. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर गेली की या जीवांचं फावतं, आणि डोंबिवलीच्या हवेत पावसाळ्याचे चार महिने तरी त्यांना काही कमी पडत नाही. तेव्हा तुमच्या घरात हे आहेत म्हणून घर अस्वच्छ आहे असं अजिबात मनात आणू नका.

मशीनकडून किती अपेक्षा ठेवायची तेही आत्ताच सांगते, नाहीतर पंधरा हजार खर्चून तुम्ही निराश व्हाल. जिवंत माइट कापडाच्या धाग्याला घट्ट धरून बसतात, ते सगळे ओढून काढील असं घरगुती मशीन नाही. मशीन काढतं ती त्यांची विष्ठा, त्वचेचा भुसा, कापसाचं तूस, म्हणजे त्रास देणारी गोष्ट आणि त्यांचं खाणं. जिवंत किड्यांसाठी चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावे लागतात. वॉशिंग मशीनला हीटर असेल तर तो पर्याय निवडा. नसेल तर कडकडीत पाण्यात भिजवून मग धुवा. आणि गादी-उशीला चारी बाजूंनी चेन असलेली, ॲलर्जीसाठी मिळते ती घट्ट विणीची खोळ घाला. खरं तर क्रम असा आहे : पहिली खोळ, दुसरं गरम पाणी, तिसरं मशीन. तुमच्या पंधरा हजारांतले दोन-अडीच हजार खोळींसाठी बाजूला काढा, असा माझा आग्रह आहे. औषध मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कमी करायचं नाही, घर कितीही चकाचक झालं तरी.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते दुरुस्तीवाल्यापेक्षा जास्त आहे. जळालेली मोटर अर्ध्या तासाने पुन्हा चालू होत नाही. दहा मिनिटांनी बंद पडून थंड झाल्यावर चालू होणं हे बहुतेक वेळा तापमान वाढलं की वीज तोडणाऱ्या आतल्या स्विचचं काम असतं. अशा मशीनमध्ये मोटर ज्या हवेला ओढते तीच हवा तिला थंड ठेवते. वाट कुठे तुंबली की हवा कमी, हवा कमी की मोटर तापते, आणि स्विच तिला वाचवतो. हे मी स्वतःच्या घरी अनुभवलंय. रंगकामाच्या वेळी भिंतीचं पीओपी घासल्यावर जमिनीवर पांढरी पिठी पसरली होती, ती मी उत्साहाने मशीनने ओढली. पंधराव्या मिनिटाला मशीन गप्प. मागचं झाकण उघडलं तर फिल्टरवर त्या पिठीचा पापडासारखा सलग थर बसलेला. नखाने टोक उचललं तर अख्खा चकतीसारखा निघून आला. मोटर ठणठणीत होती. सिमेंट, पीओपी, रांगोळी, गव्हाचं पीठ, उदबत्तीची राख, सगळी बारीक पिठी फिल्टरचा असाच गळा धरते.

तेव्हा दुरुस्तीवाल्याला हो म्हणण्याआधी तीन गोष्टी करून बघा. पिशवी पूर्ण रिकामी करा आणि नुसती न झटकता उलटी करून धुवा, दोन दिवस खडखडीत वाळवा. मोटरच्या आधी आणि नंतर असे दोन स्पंज किंवा जाळ्या असतात, त्या शोधून साफ करा. मग पाइप सोडवून उभा धरा आणि वरून मुलाची एक गोटी आत टाका. ती खडखडत खालून बाहेर आली तर पाइप मोकळा. मध्येच अडकली तर तिथे केसांचा आणि सुतळीचा बोळा आहे, तो तारेने ओढून काढा. एवढं करूनही जळका वास येत असेल तर मोटरचे कार्बन, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे, झिजले असण्याची शक्यता आहे. ते बदलून मिळतात आणि मोटरपेक्षा पुष्कळ स्वस्तात काम होतं. मात्र झरोक्यातून निळ्या ठिणग्या सतत दिसत असतील तर मशीन चालवू नका, प्लग काढून ठेवा.

तरीही, मशीन दुरुस्त झालं तरी मुलाच्या खोलीत ते नको. कारण तुम्हीच पत्रात दिलंय : कापडी पिशवी. मशीन समोरून धूळ ओढतं, पण ओढलेली हवा मागून कुठेतरी सोडावीच लागते. कापडी पिशवी केस, वाळू, जळमटं अडवते, पण अतिबारीक कण तिच्या विणीतून आरपार जातात आणि मागच्या झरोक्यातून खोलीभर पसरतात. शिवाय पिशवी गॅलरीत झटकताना जो ढग उठतो तो वाऱ्याबरोबर खिडकीतून परत आत येतो, आणि झटकणाऱ्याच्या नाकातही जातो. जुनं मशीन पंख्यांसाठी, माळ्यासाठी, स्लायडिंग खिडक्यांच्या खाचांसाठी, गाडीसाठी ठेवा. सासूबाईंची वस्तू घरात राहील आणि कामालाही येईल.

या मशीनचा आणि श्वासाचा संबंध फार जुना आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरी स्पँग्लर नावाचा गृहस्थ एका दुकानात साफसफाईचं काम करायचा. त्याला दमा होता आणि गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने तो बेजार व्हायचा. १९०७ मध्ये त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला चक्क उशीचा अभ्रा असं जोडून हातात धरून चालवता येईल असं यंत्र केलं. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि पुढे ते हूवर नावाच्या गृहस्थाने विकत घेतलं. धुळीने ज्याची छाती भरून यायची त्याने स्वतःसाठी ही युक्ती काढली होती. मशीन घेताना आपण तेच विसरतो आणि वॉट विचारत बसतो.

वॉटचं सांगायचं तर तो आकडा मशीन किती वीज खातं ते सांगतो, किती धूळ ओढतं ते सांगत नाही. युरोपीय संघाने २०१४ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर १६०० वॉटची कमाल मर्यादा घातली आणि २०१७ मध्ये ती ९०० वॉटवर आणली. तिथली घरं त्यामुळे काही मळकी राहिली नाहीत, कंपन्यांनी तोंडं, पाइप आणि मोटर सुधारल्या. तुमच्यासाठी वॉटचा उपयोग एकच, प्लग बघायला. १२०० वॉटचं मशीन साधारण पाच अँपिअर घेतं, ते छोट्या सॉकेटवर चालतं. १६०० वॉटचं सात अँपिअर घेतं, त्याला १६ अँपिअरचा मोठा पॉइंट लागतो. मुलाच्या खोलीत मोठा पॉइंट आहे का ते आजच बघा. नसेल तर स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डवर मोठं मशीन लावू नका, बोर्ड वितळल्याचे प्रकार मी पाहिलेत.

पास्कलच्या आकड्यानेही गोंधळ होतो. रोबोटच्या खोक्यावर ‘५००० पास्कल’ असं ठळक अक्षरांत असतं आणि शेजारच्या मशीनवर ‘२० किलोपास्कल’. पाच हजारांपुढे वीस किरकोळ वाटतात. पण किलो म्हणजे हजार, म्हणजे ते वीस हजार आहेत, चौपट. शिवाय हा आकडा तोंड पूर्ण बंद करून मोजलेल्या ओढीचा असतो. नळाला लावलेल्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात उडते, पण बादली भरायला वेळ लागतो. तसंच इथे. नुसती ओढ पुरत नाही, सोबत हवाही भरपूर वाहायला हवी, कारण कण उचलून नेते ती हवा. म्हणून दोन मशीनच्या किलोपास्कलमध्ये थोडाफार फरक असेल तर त्यावर डोकं शिणवू नका.

मिस्टरांचा रोबोट. दिवसभर कुणी नसलेल्या घरात, सपाट फरशीवर, रोजची धूळ आणि केस उचलायला तो चांगला आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण तो गादीवर चढत नाही. साधारण दोन सेंटिमीटरपेक्षा उंच उंबरा बऱ्याच रोबोटना ओलांडता येत नाही, दिवाणाखाली शिरायला दहाएक सेंटिमीटर जागा लागते, आणि खेळण्यांच्या वायरी, सतरंजीची झालर त्याच्या चाकांत अडकतात. आणि तुमच्याकडे मावशी रोज येतात. जे काम आधीच होतंय त्यासाठी पंधरा हजार आणि ज्याची मुलाला गरज आहे ते तसंच. सध्या नको.

बहिणीच्या कॉर्डलेसचा मोह मला समजतो. भिंतीवरून काढलं की हातात, वायरीची लोढणी नाहीत, आणि जे पटकन हाती येतं तेच वापरलं जातं. पण खोक्यावरची ४०-६० मिनिटं सर्वांत हळू वेगाची असतात. गादीसाठी लागतो तो जोराचा वेग लावला की बहुतेकांची बॅटरी दहाएक मिनिटांत उतरते. तुमच्याकडे गाद्या किती? मुलाची, तुमची, सासूबाईंची, वर सोफा. एका गादीच्या दोन्ही बाजू नीट करायला पंधरा मिनिटं लागतात. शिवाय लिथियम बॅटरी काही वर्षांत अशक्त होतेच आणि ती वेगळी मिळत नसेल तर अख्खं मशीन निकामी. धुळीचं भांडंही अर्ध्या लिटरच्या आसपास असतं, सारखं उघडून रिकामं करायचं, आणि प्रत्येक वेळी थोडा ढग. मुलाला ॲलर्जी नसती तर मी कदाचित बहिणीच्या बाजूने कौल दिला असता.

मग घ्यायचं काय? वायरवाला, आडवा, चाकांचा कॅनिस्टर, जुन्यासारखाच, पण आत फेकून द्यायची बंद पिशवी आणि मागे हवा बाहेर पडते तिथे हेपा, म्हणजे अतिबारीक कणही अडवणारा, फिल्टर असलेला. पिशवी भरली की तिचं तोंड बंद करून तशीच्या तशी कचऱ्यात, झटकायची भानगड नाही. पारदर्शक भांड्यातली, चक्रीवाऱ्यासारखी धूळ फिरवणारी बिनपिशवीची मशीनं दुकानदार आधी दाखवतील. पिशव्यांचा खर्च वाचतो हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण भांडं रिकामं करताना तुम्ही पुन्हा तिथेच येता. तसंच मोठ्या डब्याची ओली-सुकी मशीनं पाणी ओढायला, गाडी धुवायला उत्तम, पण त्यांतल्या पुष्कळांत नुसता स्पंज आणि कागदी फिल्टर असतो. गादीसाठी ती माझ्या यादीत नाहीत.

हेपा शब्दाकडे नीट बघा. खोक्यावर ‘एच १३’ असं लिहिलेलं हवं. याचा अर्थ अडवायला सर्वांत अवघड आकाराचे कणही हा फिल्टर ९९.९५ टक्के अडवतो. एच १२ असेल तर ९९.५ टक्के, तोही तुमच्या कामाला चालेल. नुसतं ‘हेपा टाइप’, ‘हेपासारखा’ असं लिहिलं असेल तर त्यामागे कुठलंच माप नसतं. फिल्टर धुता येतो की बदलायचा, बदलायचा तर केवढ्याला, आणि पिशव्यांचं पाकीट आज त्या दुकानात आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. पिशव्या मिळेनाशा झाल्या की लोक त्याच पिशवीला कात्री लावून पुन्हा शिवतात, आणि मग बारीक धूळ त्या शिवणीतून बाहेर पडते.

दुकानात मशीन उघडून हातात घ्या. गादीसाठीचं छोटं रुंद तोंड सोबत हवंच, फिरता ब्रश असलेलं मिळालं तर फारच छान. वायर पाच-सहा मीटर असावी. ओढ कमी-जास्त करायची सोय हवी, कारण पूर्ण जोरात चादर आणि कापसाच्या गादीचं कापड तोंडात ओढलं जातं आणि हात पुढे सरकत नाही. सर्व्हिस सेंटर डोंबिवली-कल्याणात आहे का ते विचारा. वॉरंटीचं कार्ड दुकानाचा शिक्का मारूनच घ्या, पुढे कुणी टाळाटाळ केलीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तुमच्या बजेटमध्ये, खोळींचे पैसे वजा जाऊनही, असं मशीन बसतं.

आणि हो, घरी येऊन डेमो देणाऱ्यांपासून जपा. तो दिमाखदार माणूस तुमच्याच गादीवर काळं फडकं लावून मशीन फिरवतो आणि फडक्यावरची पांढरी पिठी दाखवतो. मुलाच्या गादीतून ती निघालेली बघून कुठल्याही आईच्या पोटात कालवतं आणि लाखाच्या घरातल्या मशीनवर सही होते. ती पिठी खरी असते. पण ती कुठल्याही घरातल्या कुठल्याही गादीतून, कुठल्याही बऱ्या मशीनने निघते.

वापरायची पद्धत : आठवड्यातून एकदा, मुलगा शाळेत गेल्यावर. मशीन फिरवताना थोडी धूळ उडणारच, म्हणून खिडक्या उघड्या, तुमच्या तोंडाला मास्क, आणि नंतर तासभर खोली मोकळी. तोंड अगदी हळू सरकवा, एका वीतभर पट्ट्याला चार-पाच सेकंद, आधी उभं मग आडवं. गादीच्या कडेची शिवण आणि बटणांच्या खळग्यांत सर्वांत जास्त साठलेलं असतं, तिथे चिंचोळं तोंड लावा. ब्लोअरची, म्हणजे हवा उलट बाहेर फुंकायची, सोय असेल तर ती घरात कधीच वापरू नका. मावशींना मशीन वापरायचा आग्रहही नको. त्यांना फक्त एवढं सांगा की मुलाच्या खोलीत कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने केर गोळा करायचा, कारण झाडूने उडालेली धूळ गादीवरच बसते. खिडकीच्या कठड्यावर किंवा एसीच्या मागे कबुतरांची घाण असेल तर ती मशीनने ओढायची नाही, पाणी शिंपडून, मास्क लावून ओल्यानेच काढायची.

जुन्या मशीनच्या नळ्या आणि ब्रश फेकू नका. घरगुती पाइपांची तोंडं बहुतेक ३२ किंवा ३५ मिलिमीटरची असतात, मोजून बघा, जुना गोल ब्रश नव्याला बसला तर पुस्तकांसाठी कामाला येईल.

मशीन घरी आलं की पहिल्याच रात्री एक करा. मुलगा दुसऱ्या खोलीत झोपल्यावर दार लावून दिवे घालवा, मशीन चालू करून हॉलमधल्या सोफ्यावर फिरवा आणि मिस्टरांना मोबाइलचा टॉर्च मागच्या झरोक्यावर तिरका धरायला सांगा. उजेडाच्या पट्ट्यात हवा स्वच्छ दिसली पाहिजे. तिथून कण उसळताना दिसले तर फिल्टर नीट बसलाय का ते बघून पुन्हा एकदा करा. तरी तेच दिसलं तर खोकं फाडू नका, पावती काढा आणि परत घेण्याची मुदत संपायच्या आत मशीन दुकानात पोचवा.